साडेतीन चौरस किलोमीटरला एक माणूस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अमेरिकेबद्दल वीस मिनिटं बोल. पगार सोडून काहीही चालेल." मी म्हटलं, बरं झालं, पगाराचं काढलं असतं तर पाच मिनिटांत आटोपलं असतं. मग ते म्हणाले, न्यूयॉर्क सांग, नायगारा सांग. आता खरं सांगायचं तर न्यूयॉर्क मी अडीच दिवस पाहिलंय. ते तुम्ही सिनेमात माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. म्हणून मी आज अशा जागेबद्दल बोलणार आहे जिथे माझ्या ऑफिसातले बहुतेक अमेरिकन लोकही कधी गेलेले नाहीत. तिचं नाव हार्नी काउंटी. आणि शेवटी मी आपल्या शाळेकडे येणार आहे, कारण मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर मी लिहिलेलं एक वाक्य मला आज परत घ्यायचं आहे.

मी ओरेगॉन राज्यात राहते. हे राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा विभाग, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा. हार्नी ही ओरेगॉनमधली क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठी काउंटी, राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात. क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगते, पुणे जिल्हा आणि आपला सातारा जिल्हा दोन्ही एकत्र केले तरी हार्नीपेक्षा थोडे लहानच भरतील.

आता लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि सातारा मिळून माणसं होती सव्वा कोटीच्या आसपास. हार्नी काउंटीत २०२० च्या जनगणनेत होती ७,४९५. सात हजार चारशे पंच्याण्णव. आपल्या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला २८७ माणसं, आणि तिथे साडेतीन चौरस किलोमीटरला एक माणूस. त्यातही निम्म्याहून जास्त लोक बर्न्स आणि हाइन्स या दोन लागून असलेल्या गावांत राहतात. बर्न्स हे मुख्य ठिकाण. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीवरून त्याचं नाव ठेवलंय. मराठीच्या बाईंना हे ऐकून बरं वाटेल, तालुक्याच्या गावाला कवीचं नाव! ही दोन गावं सोडली की उरलेल्या एवढ्या मोठ्या मुलखात माणसं मीठ भुरभुरावं तशी पसरलेली. माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त. जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारच्या मालकीची, कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेली, आणि तिच्यातल्या बऱ्याचशा भागावर गुरं चारण्याचे परवाने.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती माझ्या मुलीच्या हट्टापायी. तिला पक्ष्यांचं वेड. पोर्टलंडहून पाच-साडेपाच तास गाडी चालवायची. वाटेत पहिल्यांदा हिरवीगार झाडी, मग कॅस्केड नावाची डोंगररांग, आणि ती ओलांडली की तासाभरात सगळं बदलतं. झाडं खुजी होतात, मग झुडपं होतात, मग करड्या रंगाचं सेजब्रश नावाचं झुडूप सोडलं तर काहीच उरत नाही. मुलगी म्हणाली, "आई, इथे काहीच नाही." मी म्हटलं, "थांब जरा. हे मला ओळखीचं वाटतंय."

भूगोलाचे आपले सर इथे बसलेत. सर, आठवीत तुम्ही फळ्यावर सह्याद्री काढायचात. डावीकडे समुद्र, त्यावरून येणारे ढग, डोंगराला अडून महाबळेश्वरला पडणारा पाऊस, आणि उजवीकडे खाली एक ठिपका. तुम्ही विचारायचात, "हा ठिपका कोण?" आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "आपण!" पर्जन्यछायेचा प्रदेश. सर, हार्नी काउंटी हाही असाच एक ठिपका आहे. समुद्राकडून, पश्चिमेकडूनच ढग येतात, कॅस्केड रांगेवर रिकामे होतात आणि पूर्वेला कोरडं पाडून जातात. माण तालुक्यातल्या मुलीला हे सांगायला पाटी लागत नाही.

आणि दगडही आपलाच. काउंटीच्या दक्षिणेला स्टीन्स माउंटन नावाचा एक पहाड आहे. जवळपास ऐंशी किलोमीटर लांब, उंची २,९६७ मीटर. त्याच्या कड्यात थरावर थर दिसतात, काळ्या-तपकिरी बसाल्टचे. आपला दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि तो सुमारे १.६५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे वयाने आपला धाकटा, पण घडण तीच: जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा दुसरा थर. मी तिथे तो दगड हातात घेतला आणि मला आपल्या शाळेमागची टेकडीच आठवली.

फरक एवढाच की आपला सह्याद्री पश्चिमेला तुटलेला आणि पूर्वेला उतरता. स्टीन्स उलटा आहे. तो भूकवचाचा एक प्रचंड तुकडा एका बाजूने उचलला जाऊन तयार झालाय. पश्चिमेकडून चढ इतका सावकाश की गाडीतून जाताना आपण डोंगर चढतोय हेच कळत नाही. कच्च्या रस्त्याने अगदी माथ्याजवळ जाता येतं. ओरेगॉनमधला हा सगळ्यांत उंचावरचा रस्ता. वर्षातले बरेच महिने बर्फामुळे बंद असतो. वर पोचलं की मग पूर्वेची कडा. तिथून खाली सुमारे १,७०० मीटर सरळ उतार. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर, म्हणजे अख्खी कळसूबाई त्या कड्याला टेकवून ठेवली तर ती वरून दिसायचीही नाही. माथ्यावर हिमयुगातल्या हिमनद्यांनी कोरलेल्या घळी आहेत, कायगर, लिटल ब्लिट्झन, बिग इंडियन अशा नावांच्या. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारख्या. कायगर घळीच्या आसपास रानटी घोडे आहेत. स्पॅनिश लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी आणलेल्या घोड्यांच्या वंशातले ते मानले जातात.

उतारावर अॅस्पेन नावाच्या पांढऱ्या सालीच्या झाडांची बनं आहेत. त्या सालींवर जुनी नावं, तारखा कोरलेल्या दिसतात. ती कोरली मेंढपाळांनी. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नावाचे लोक राहतात, त्यांच्यातले तरुण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेंढ्या राखायला इथपर्यंत आले. महिनोन् महिने एकटे, बोलायला कुणी नाही, म्हणून झाडावर नाव. आपल्याकडच्या मेंढक्यांचा तळ ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

कड्याच्या पायथ्याशी आहे अल्व्हर्ड वाळवंट. वाळू नाही, एका आटलेल्या तळ्याचा सपाट, भेगाळलेला, पांढुरका तळ. साधारण १९ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद. वर्षाला पाऊस सात इंचांच्या आसपास, कारण तो स्टीन्सच्याही पर्जन्यछायेत. म्हणजे सावलीच्या आतली सावली. उन्हाळ्यात त्यावर गाडी चालवता येते. १९७६ मध्ये याच जमिनीवर किटी ओनील नावाच्या बाईने तीन चाकी रॉकेट गाडी ताशी सरासरी ८२५ किलोमीटर वेगाने पळवली. बायकांमधला जमिनीवरचा वेगाचा हा विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. किटीला अगदी लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. माझी मुलगी तिथे उभी राहून म्हणाली, "इथे एवढी शांतता आहे, की तिला आणि आपल्याला सारखंच ऐकू आलं असेल." मला तिला हवेत वारा किती जोरात असतो ते सांगायचं होतं, पण वाक्य चांगलं होतं म्हणून गप्प बसले.

आता पाण्याचं. स्टीन्सवरचं बर्फ वितळून एक नदी निघते, डॉनर उंड ब्लिट्झन. जर्मन नाव, अर्थ मेघगर्जना आणि वीज. १८६४ मध्ये सैनिकांनी ती वादळात ओलांडली म्हणून. ती उत्तरेला वाहत जाते आणि मॅल्हूर तलावाला मिळते. उत्तरेकडून सिल्व्हीज नदी येऊन मिळते. आणि तलावातून पुढे? पुढे काही नाही. तिथलं पाणी समुद्राला जातच नाही. येतं, पसरतं आणि उन्हाने उडून जातं. त्यामुळे हा तलाव कधी फुगतो, कधी आटतो. १९८० च्या दशकात सलग भरपूर बर्फ पडलं तेव्हा शेजारचे तीन तलाव एक झाले आणि माणसांचे गोठे, कुरणं, घरं पाण्यात गेली. दुष्काळात हाच तलाव डबक्याएवढा होतो.

पण कोरड्या मुलखात पाणी म्हटलं की पक्षी आलेच. आपल्याला सरांनी एसटीने मायणीच्या तलावावर रोहित पक्षी बघायला नेलं होतं, आठवतंय? डबे संपले, रोहित दिसले नाहीत, आणि परत निघताना दिसले! तसंच मॅल्हूर, पण शेकडो पटींनी मोठं. वसंतात उत्तरेकडे जाणारे स्नो गूस, सँडहिल क्रेन म्हणजे आपल्या सारसाच्या जातकुळीतले उंच पक्षी, पाणकोळी, शराटी. तीनशे वीसहून अधिक जातींची नोंद आहे.

हे अभयारण्य कसं झालं तेही ऐकण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांवर बगळ्याची पिसं लावायची फॅशन होती. शिकाऱ्यांनी मॅल्हूरवरचे पांढरे बगळे विणीच्या हंगामात मारले. १९०८ मध्ये विल्यम फिन्ली आणि हर्मन बोलमन हे दोघे कॅमेरा घेऊन बगळ्यांचे फोटो काढायला तिथे गेले, तर पांढरा बगळा एकही सापडला नाही. फिन्लीने ते राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत पोचवलं आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला रूझवेल्टने हा तलाव पक्ष्यांसाठी राखीव केला. मोजायला गेलेल्या माणसांना शून्य सापडलं, आणि त्या शून्याने काम केलं.

शून्यावरून आठवलं. हा मुलूख मुळात 'रिकामा' नव्हता. तिथे उत्तर पायूट लोक हजारो वर्षं राहत होते. १८७० च्या दशकात त्यांना मॅल्हूरमध्ये राखीव जमीन दिली, १८७८ च्या युद्धानंतर ती गेली, आणि १८७९ च्या जानेवारीत, भर बर्फात, पाचशेहून अधिक माणसांना उत्तरेला याकामा इथे हाकत नेलं. त्यातले काही हळूहळू परत आले. त्यांच्या बर्न्स पायूट जमातीला स्वतःची राखीव जमीन मिळाली १९७२ मध्ये, सुमारे ७७० एकर. जनगणनेत एखादी जागा विरळ दिसली की ती नेहमीच तशी होती असं आपण समजतो. कधी कधी माणसं तिथून काढलेली असतात.

२०१६ मध्ये या अभयारण्याचं नाव अमेरिकेतल्या प्रत्येक टीव्हीवर आलं. बंदुका घेतलेल्या एका गटाने २ जानेवारीला अभयारण्याचं कार्यालय बळकावलं. म्हणणं असं की केंद्र सरकारने जमिनी सोडाव्यात. हे प्रकरण ४१ दिवस चाललं, त्यात पोलिसांच्या गोळीने एकाचा जीव गेला. पण आलेले बहुतेक लोक बाहेरचे होते. गावात सभा झाली तेव्हा, सरकारवर राग असलेल्यांनीसुद्धा, तुम्ही आता घरी जा, असं त्यांना सांगितलं. याचं कारण टीव्हीने फारसं दाखवलं नाही. त्याआधी कित्येक वर्षं तिथले गुरंवाले, अभयारण्याचे अधिकारी, पायूट जमात आणि पर्यावरणवाले एकाच टेबलाभोवती बसत होते आणि २०१३ मध्ये त्यांनी मिळून अभयारण्याचा पंधरा वर्षांचा आराखडा केला होता. सात-साडेसात हजार माणसांत भांडून कुणाला जाणार? किराणा दुकान तेच, दवाखाना तोच, शाळा तीच.

आणि त्यांचं एकमेकांशी खरोखरच अडलेलं आहे. बर्न्सच्या आसपासचे गुरंवाले वसंतात नदीचं पाणी गवताच्या कुरणांवर पसरवतात. त्या पाण्यातच ते हजारो पक्षी उतरतात. म्हणजे पक्ष्यांचं अर्धं जेवण सरकारी अभयारण्याबाहेर, खासगी कुरणात. गुरंवाला उठून गेला तर पक्ष्याचंही अडतं. तिथली चिंता वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला लगेच कळेल: बोअरची. लसूणघासासाठी जमिनीखालून इतकं पाणी उपसलं, की जेवढं मुरतं त्याहून जास्त निघतंय, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात स्पष्ट झालं. काही घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या. मी ते वाचून नवऱ्याला म्हटलं, हे तर आपल्या गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त वाटतंय.

आता माझ्या चुकीकडे येते.

माझं काम दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरचं. पेशंटने घरूनच फॉर्म भरायचा, औषधांची यादी द्यायची, रिपोर्ट बघायचे, असं ते आहे. त्यात एक सोय होती. इंटरनेट नसलं तरी फॉर्म भरून ठेवायचा, आणि नेट आलं की तो आपोआप जायचा. ती सांभाळायला त्रास होता, दर वेळी तिच्यामुळे काहीतरी बिघडायचं. वापरणारे इतके थोडे की आलेखात त्यांची पट्टी दिसतही नव्हती. बैठकीत मी एक स्लाइड दाखवली आणि म्हटलं, काढून टाकू. सगळ्यांनी मान डोलावली. ती सोय गेली. मी त्या दिवशी खूश होते.

सात-आठ महिन्यांनी आम्ही दुसऱ्यांदा हार्नीला गेलो. स्टीन्सच्या दक्षिणेला फील्ड्स नावाची वस्ती आहे. तिथे दुकान, खाणावळ आणि पेट्रोलपंप सगळं एकाच छपराखाली. तिथला मिल्कशेक प्रसिद्ध आहे, आणि वर्षात किती मिल्कशेक विकले त्याचा आकडा ते फळ्यावर लिहून ठेवतात. ग्राहक थोडे, म्हणून प्रत्येक ग्राहक मोजलेला! तिथे शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, गुरांचा व्यवसाय. बोलता बोलता मी काय करते ते निघालं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, तो फॉर्म! पूर्वी मी तो घरी रात्री निवांत भरायचे. आता भरत आला की नेट जातं आणि सगळं पुसलं जातं. म्हणून सासऱ्यांचा फॉर्म भरायला मी गाडी काढून गावात जाते आणि वाचनालयाच्या बाहेर गाडीत बसून भरते." त्यांच्या घरापासून ते गाव एका बाजूने दीड तास. त्या रागाने बोलत नव्हत्या. पाऊस पडत नाही असं आपण सांगतो, तसं सांगत होत्या. ती सोय काढणारी बाई समोर बसलीय हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग बरं झालं भेटलीस."

परत आल्यावर मी आकडा बघितला. ओरेगॉनची लोकसंख्या ४२ लाखांवर. त्यात हार्नीची माणसं हजारात दोनसुद्धा भरत नाहीत. माझी स्लाइड गणिताने बरोबर होती. पण ती सोय ज्यांच्यासाठी होती ते थोडेच असणार होते, कारण ती थोड्यांसाठीच केली होती! थोडे वापरतात म्हणून ती काढणं म्हणजे पायऱ्यांशेजारचा उतार काढून टाकण्यासारखं, व्हीलचेअरवाले दिवसाला दोनच येतात म्हणून. मी ते परत आणण्यासाठी भांडले. पूर्ण नाही आलं. फॉर्म भरायचा भाग परत आला, त्यालाही सहा महिने लागले. काढायला एक बैठक पुरली होती.

त्या बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथून आपली शाळा सुरू होते. त्यांची मुलगी क्रेन नावाच्या गावात हायस्कूलला होती. क्रेन म्हणजे जेमतेम शंभरेक माणसांची वस्ती. पण तिथल्या सरकारी हायस्कूलला वसतिगृह आहे. सरकारी शाळा आणि तिला वसतिगृह ही अमेरिकेत अगदी दुर्मीळ गोष्ट. दूरदूरच्या गोठ्यांवरची मुलं आठवडाभर तिथे राहतात आणि सुट्टीला घरी जातात. बाई म्हणाल्या, "मीही तिथेच शिकले. नाहीतर माझं शिक्षण आठवीत संपलं असतं."

आठवीत संपलं असतं.

मित्रमैत्रिणींनो, माझ्या बाकावर आठवीपर्यंत जी मुलगी बसायची ती आज इथे आली आहे. तिला विचारून मी हे सांगते आहे. तिची वस्ती इथून सात किलोमीटर. एसटी सकाळी नव्हती. आठवीच्या निकालानंतर जूनमध्ये ती आली नाही. हजेरीपटातून नाव कमी झालं. गणितात ती माझ्या पुढे होती, हे गणिताच्या सरांना आठवत असेल. आणि मी, तिची मैत्रीण, मी एकदाही त्या वस्तीवर गेले नाही. का आली नाहीस, असं विचारलं नाही. मला वाटलं, काही मुली येत नाहीत. पाऊस पडत नाही, तसंच.

मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर चर्चा झाली. आपल्या वेळी दहावीच्या दोन तुकड्या होत्या, आता दहावीत सतरा मुलं आहेत, पट घसरतोय, पुढे शाळेचं काय. तेव्हा मी लिहिलं होतं, "पट इतका कमी असेल तर मोठ्या शाळेत विलीन होणंच व्यवहार्य." त्याला अकरा अंगठे आले होते. ते वाक्य मी आज तुमच्या सगळ्यांसमोर परत घेते. ते लिहिताना मी तीच स्लाइड दाखवत होते. सतरांतली किती मुलं वस्त्यांवरून चालत येतात आणि शाळा पंधरा किलोमीटर लांब गेली तर त्यातली किती उरतील, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. पटावर जी मुलं आहेत ती मी मोजली. पटावर यायला हवी होती आणि आली नाहीत, ती मोजली नाहीत.

हार्नी काउंटीचं मला कौतुक आहे ते डोंगरासाठी, पक्ष्यांसाठी आहेच. जमलं तर जरूर जा, बर्न्समध्ये पेट्रोल भरल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि एप्रिलमध्ये जा, तेव्हा तिथे पक्ष्यांचा उत्सव असतो. पण मी तिथे शिकले ते एवढंच, की थोड्या माणसांच्या जागेला थोडं कमी नाही, वेगळं लागतं. मुलं विखुरलेली आहेत म्हणून त्यांनी शाळा बंद केली नाही, शाळेला खोल्या जोडल्या.

संयोजकांनी आपल्या बॅचतर्फे शाळेला कमान आणि संगणक कक्ष द्यायचं ठरवलं आहे. मी सॉफ्टवेअरवाली असून म्हणते, संगणक थोडे थांबू द्या. कमानही थांबू द्या. आधी एक यादी करू. आसपासच्या वस्त्यांवर आठवी झालेली आणि नववीत न आलेली मुलं-मुली किती, मेंढरांबरोबर आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली किती, प्रत्येकाचं नाव, आणि न येण्याचं कारण. मुख्याध्यापक सरांशी मी काल बोलले. त्यांनी दोन रिकाम्या वर्गखोल्या दाखवल्या. त्या यादीवरून ठरवू, खोल्यांचं वसतिगृह करायचं, की सकाळची एक गाडी लावायची, की दोन्ही. परवानग्या लागतील, राहायला येणाऱ्या मुलींसाठी जबाबदार बाई लागेल, रोजचं जेवण लागेल, हे मला माहीत आहे. हे कमान बांधण्याइतकं सोपं नाही.

माझी वर्गणी मी पाच वर्षांची एकदम देते आहे, पण या यादीच्या अटीवर. आणि ती यादी करायला माझी बाकावरची मैत्रीण तयार आहे. वस्त्या तिला पाठ आहेत. मी तिला विचारलं, पहिल्यांदा कुठे जायचं? ती म्हणाली, "माझ्याच वस्तीवर दोघी आहेत."

मी अजून दहा दिवस इथे आहे. उद्या सकाळी सात वाजता आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी असू. ज्यांना यायचंय त्यांनी या. सात किलोमीटर आहे, चालतच जाऊ, म्हणजे किती लांब आहे ते एकदा तरी कळेल.